शेकायच्या पिशवीत बर्फ

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे आणि माझ्या अंगाला मासळीचा वास येतो. नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी याच वासाला मीही नावे ठेवत होते. आज तो अंगावर मिरवते. तो मला कसा लागला आणि त्यापायी एका बाईचा पाय कसा वाचला, ते सांगायला मी आज तोंड उघडले आहे. एरवी मी फारशी बोलत नाही. तोंड अरुंद, त्यात बूच घट्ट.

माझा जन्म उष्णतेत झाला. दोन तापलेल्या साच्यांमध्ये रबर दाबले गेले आणि मी बाहेर पडले, लालभडक, पोटापाठीवर बारीक रेघा असलेली. कारखान्यातल्या तपासणाऱ्या बाईने मला पाण्याने भरले, उलटी धरली आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिले. थेंबही गळला नाही. "चांगली आहे," एवढेच ती म्हणाली आणि मला बाजूच्या खोक्यात टाकून दुसरी उचलली. त्या दोन शब्दांवर मी बरीच वर्षे फुगून होते.

मला विकत घेतले एका लाँड्रीच्या मालकिणीने. तिला सगळे आईच म्हणत. लाँड्री लांबट होती. पुढे काउंटर, मधे धुण्याची यंत्रे, मागे बॉयलर आणि वाफेची मोठी प्रेस. खिडक्यांच्या काचा सदा धुरकट आणि फरशी सदा ओली. आजूबाजूच्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ आणि गल्लीतल्या लोकांचे शर्ट तिथे येत आणि कडक घड्या होऊन परत जात. बॉयलरशेजारच्या खिळ्यावर माझी जागा ठरली.

या घराचा वाफेवर फार विश्वास. सुरकुती वाफेने जाते, ओल वाफेने जाते, हट्टी डागसुद्धा वाफ दिली की नरम पडतो, मग माणसाचे दुखणे काय म्हणून जाणार नाही? आईची कंबर उभे राहून राहून धरलेली असायची. संध्याकाळी ती मला बॉयलरच्या नळाखाली भरून कमरेशी घेऊन बसे आणि म्हणे, "ऊब दिली की सगळं सुतासारखं सरळ होतं." खरेच तिची कंबर माझ्याखाली हळूहळू सैल व्हायची. कोणाची मान आखडली, कोणाचे खांदे भरून आले, पोटात कळ आली, की हाक यायची ती माझ्या नावाने. मला तर वाटू लागले होते की या घरात डॉक्टर मीच. आई गेली तरी माझा मान कमी झाला नाही. खिळा तोच राहिला आणि विश्वासही तोच.

आईच्या मागे लाँड्री तिचा थोरला मुलगा बघू लागला. त्याला सगळे दादा म्हणत. त्याची बायको, म्हणजे वहिनी, काउंटर आणि घड्या सांभाळायची. दादाची धाकटी बहीण प्रेसवर असे. चाळिशी उलटली तरी तिचे नाव धाकटीच राहिले होते. हॉटेलचा टेम्पोवालासुद्धा तिला "धाकट्या बाई" म्हणायचा, आणि स्वतः तिच्याहून लहान असून म्हणायचा.

प्रेस चालायची पायाने. उजव्या पायाने पायडल दाबले की वरचे तापलेले झाकण खाली येई आणि वाफेचा फूत्कार होई. पाय उचलला की झाकण उघडे. दिवसभर धाकटीचा तो पाय खाली-वर चालायचा आणि काम संपल्यावर तोच पाय तिला फिरायला घेऊन जायचा. तिच्या चालण्याबरोबर चालणे दादाला कधी जमले नाही. "अगं, कोणी मागं लागलंय का?" असे तो लांबून ओरडायचा आणि ती मागे न बघता हात हलवायची. लाँड्री चालत होती ती त्या पायावर, आणि धाकटीचे पोटही त्याच पायावर होते. म्हणून पुढे जे घडले त्याने सगळ्यांचे धाबे दणाणले.

पण त्याआधी मागच्या दाराविषयी सांगायला हवे.

लाँड्रीच्या मागे एक बोळ होता, जेमतेम एक माणूस जाईल एवढा. बोळाच्या पलीकडे मासळीचे दुकान. ते चालवणारी बाई साऱ्या गल्लीची मावशी होती. आईच्या काळी दोन्ही मागची दारे उघडी असत. मग एकदा हॉटेलातून धुतलेला माल परत आला. टेबलक्लॉथला मासळीचा वास येतो, असा निरोप होता. दादा तणतणत मागच्या दारात गेला. मावशीही काही कमी नव्हती. "आणि तुझ्या वाफेनं माझ्या बर्फाचं पाणी होतं, त्याचं काय? ते कोण भरून देणार?" असे तिने विचारले. खरे तर दोघांचेही म्हणणे खरे होते. पण भांडणात दोघेही खरे असले की ते मिटायला जास्त वेळ लागतो. दादाने दाराला कडी घातली आणि समोर चाकांची लोखंडी मांडणी आणून लावली. तेव्हापासून तयार माल तिथे ठेवला जायचा. बोलणे बंद झाले. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघेही आपापल्या चपलांकडे बघत जात. मी मनातून दादाच्या बाजूने होते. आम्ही उष्णतेची माणसे, आम्हाला बर्फवाल्यांशी काय करायचे आहे!

तो दिवस मेजवानीच्या मालाचा होता. हॉटेलचे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ सकाळपासून प्रेसवर चढत होते आणि घड्या होऊन मांडणीवर जात होते. संध्याकाळी टेम्पो येणार होता. प्रेससमोर वीतभर उंचीचा फळ्यांचा कट्टा होता, ओल्या फरशीवर उभे राहावे लागू नये म्हणून. धाकटी त्यावर उभी असायची. एका टेबलक्लॉथचे टोक घसरून खाली जाऊ लागले. स्वच्छ कपडा फरशीला लागणार म्हणून ती तो झेलायला मागे वळली, आणि तिचा उजवा पाय कट्ट्याच्या कडेवर अर्धा आत, अर्धा बाहेर पडला. घोटा आतल्या बाजूला वळला. कट् असा आवाज आला. प्रेसचा नव्हता, बॉयलरचाही नव्हता. यंत्रांच्या त्या गलक्यातही तो तिघांनी ऐकला.

धाकटी फरशीवर बसली होती. टेबलक्लॉथ तिने वरच्या वर धरून ठेवला होता.

"काही नाही झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र त्या कपड्याच्या रंगाचा झाला होता.

प्रेसला धरून ती उठली, पाय टेकला आणि लगेच पुन्हा खाली बसली. वहिनीने धावत येऊन यंत्रे बंद केली. धाकटीला लांब बाकावर बसवले, बूट काढला, मोजा काढला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढा फुगवटा आला होता आणि तो बघता बघता वाढत होता.

"हाड तर नसेल ना मोडलं?" वहिनी हळूच म्हणाली. दादाने तिच्याकडे असे पाहिले, की तिने पुढचे शब्द गिळले.

"शेकायची पिशवी आण," तो म्हणाला.

खिळ्यावर मी हे ऐकले आणि मला आनंदच झाला. खोटे कशाला सांगू? संकटात आपल्याला हाक येते, याचा कोणाला आनंद होत नाही? बॉयलरचा नळ सुटला, कढत पाणी माझ्या पोटात शिरले, बूच फिरले आणि मला त्या घोट्यावर ठेवण्यात आले.

मी वाट बघू लागले. आईची कंबर माझ्याखाली कशी सैल व्हायची, ते मला पाठ होते. आधी कातडी ऊब घेते, मग आतला पीळ सुटतो, मग माणूस श्वास सोडतो. पण हा घोटा सैल होईना. उलट तो मला खालून ढकलू लागला. कातडी आधीच गरम होती. माझ्यामुळे ती आणखी तापली आणि ताणत गेली. सूज माझ्याखाली भरत चालली होती. मला ठेवले तेव्हा माझी एक बाजू बाकाला टेकलेली होती. थोड्या वेळाने ती अधांतरी राहिली.

"वहिनी, ठणका वाढतोय गं," धाकटी दात आवळून म्हणाली.

"जरा दम धर. आधी वाढतो, मग उतरतो," वहिनी म्हणाली आणि माझ्यातले पाणी जरा निवले म्हणून तिने ते ओतून पुन्हा कढत भरले.

मित्रांनो, न गळणे हीच माझी सगळी अब्रू होती. पण त्या वेळी मला पहिल्यांदा वाटले की आपण फुटावे, गळावे, काहीही व्हावे, पण या पायावरून बाजूला व्हावे. रबराच्या मनात आले म्हणून काय होते? मी तशीच बसून राहिले, गच्च भरलेली आणि कढत.

दादा येरझाऱ्या घालत होता. एकदम तो थांबला. "सांधा सरकलाय," तो म्हणाला. "म्हणून सूज येतेय. बसवायला हवा."

"कोण बसवणार?" वहिनीने विचारले.

"आपण. आपण चादर नाही का सरळ करत?"

तुम्हाला ही चादरीची गोष्ट सांगायला हवी. धुऊन आटलेली, वेडीवाकडी झालेली चादर दादा आणि वहिनी दोन टोकांना धरत. एक, दोन, हं, की दोघेही एकाच वेळी हिसका देत आणि चादर ताठ सरळ होई. दिवसातून किती चादरींना ते असा हिसका देत, याची गणतीच नव्हती. आता दादाने वहिनीला धाकटीच्या मागे उभे केले, काखेत हात घालायला लावले. मला उचलून बाजूला ठेवले. स्वतः तो ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने एका हाताने टाच, दुसऱ्या हाताने बोटे धरली. तो काही दुष्ट नव्हता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. बहिणीवर त्याचा फार जीव होता, आणि म्हणूनच त्याला काहीतरी केल्याशिवाय राहवत नव्हते.

"डोळे मीट," तो धाकटीला म्हणाला. "एक..."

त्याची पकड घट्ट झाली तेवढ्यानेच धाकटी किंचाळली. मी त्या घरात इतकी वर्षे होते, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. दादाने पाय सोडला नाही. त्याला वाटत होते की एकदाच काय ते होऊन जाऊ दे. वहिनीने तोंड फिरवले होते.

"दोन..."

तेवढ्यात मागच्या दारावर मुठी आदळल्या.

"कोण ओरडलं? धाकटे, तू का गं?"

मावशीचा आवाज होता. कडीनंतर पहिल्यांदाच तो या बाजूला आला होता. दादाचे हात जागच्या जागी थांबले.

"काही नाही!" तो ओरडला. "आमचं आम्ही बघतोय."

"काही नाही म्हणून कोणी असं ओरडत नाही. पाय मोडला की हात? दार उघडा आधी."

दादाने मांडणीकडे पाहिले. तिच्यावर मेजवानीचा सगळा माल रचलेला होता, पांढरा, कडक, बिनवासाचा. "ती आत आली की गेलं सगळं," तो वहिनीला पुटपुटला. "टेम्पो यायला झालाय. पुढच्या दारानं येऊ दे म्हणावं. नाहीतर नकोच."

"दादा, पाय सोड," धाकटी म्हणाली.

"अगं, एकदाच..."

"आधी पाय सोड. मग दार उघड. पाय माझा आहे, माल उद्या पण धुता येईल."

दादा बहिणीचा पाय धरून बसलेला, दाराबाहेर मुठी. कोण आधी हलते, याच्याकडे माझा सगळा जीव लागला होता. हलली ती वहिनी. तिने धाकटीच्या काखेतले हात काढले आणि जाऊन मांडणीला खांदा लावला. चाके इतकी वर्षे एका जागी राहून अडकली होती. मांडणी हलेना. वहिनी मागे सरली, पुन्हा भिडली. एक चाक कडाड करून मोडले आणि मांडणी तिरकी सरकली. कडी गंजली होती. बाजूला पडलेली जुनी इस्त्री उचलून वहिनीने तिच्यावर घाव घातले आणि दार उघडले.

मावशी आत आली ती गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पुढे ओला ॲप्रन, त्यावर खवले चमकताहेत आणि हातात बारीक केलेल्या बर्फाची बादली, अशा अवतारात. तिच्याबरोबर तो वासही आला. तिने इकडेतिकडे पाहिले नाही. सरळ बाकापाशी येऊन तिने घोटा पाहिला, मग बाजूला वाफाळत पडलेली मी तिला दिसले.

"शेक दिलात? ताज्या मुरगळीवर?" ती म्हणाली. "सूज काय कमी पडली होती?"

"आमची आई आयुष्यभर शेकच घ्यायची," दादा म्हणाला. पाय त्याने अजून धरलेला होता.

"आईची कंबर जुनी दुखायची, बाबा. ते दुखणं वेगळं. हे आत्ताचं आहे. आत रक्त साकळतंय, त्याला तुम्ही आणखी ऊब देताय. आमच्याकडे ओल्या फरशीवर कोणी ना कोणी घसरतंच, माझा स्वतःचा पाय मुरगळून झालाय. ओढू नकोस, चोळू नकोस. सोड तो पाय. हळू."

दादाने पाय सोडला. हातांत काचेचे भांडे असावे तसा त्याने तो बाकावर ठेवला.

"बर्फ उघडा लावायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते," मावशी म्हणाली. "न गळणारी पिशवी हवी आणि वर कपडा हवा."

न गळणारी पिशवी! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

माझे कढत पाणी मोरीत ओतले गेले. मी अजून धगधगत होते. वहिनीने बर्फाची मूठ माझ्या तोंडाशी आणली तेव्हा मी घाबरले. तापलेल्या रबरात एकदम बर्फ पडला तर काय होते, हे मला कारखान्यातल्या फेकलेल्या पिशव्यांवरून माहीत होते. मी तडकले तर पाणी धाकटीच्या पायावर सांडेल आणि दुसरी पिशवी या घरात नाही. पण मावशीनेच वहिनीचा हात धरला. "आधी साध्या पाण्यानं निववा. नाहीतर तडकेल," ती म्हणाली. त्या क्षणी मला ती बाई आवडू लागली.

मग बर्फ आत आला, खडाखडा, माझ्या अरुंद गळ्यातून कोंबून कोंबून. माझे अंग आक्रसले. आतून असा झोंबरा गारठा मी कधी अनुभवला नव्हता. गळ्यापाशी बारीक चर्र असे काहीतरी झाले. मी धरून राहिले. बूच फिरले. आता कपडा हवा होता. वहिनी जुने फडके शोधायला वळली, पण दादा उठला, तिरक्या मांडणीपाशी गेला आणि त्याने घड्यांमधला सगळ्यात वरचा, इस्त्रीने चकाकणारा टेबलक्लॉथ ओढून काढला. त्यात गुंडाळून त्याने स्वतः मला बहिणीच्या घोट्यावर ठेवले. मग तिला बाकावर आडवे केले आणि हॉटेलच्या घडीच्या चादरी एकावर एक रचून पाय छातीहून उंच केला.

काही वेळ धाकटी तशीच ताठ पडून होती. मग तिने श्वास सोडला. तो श्वास मी ओळखत होते. आई असाच सोडायची.

पण धोका टळला नव्हता. मावशीने बोटे हलवायला सांगितली, ती हलली. पाय टेकता येतो का विचारले, तर धाकटीने नकारार्थी मान हलवली. "मग दवाखान्यात न्यायचं," मावशी म्हणाली. "हाडाचं मला कळत नाही. फोटो काढल्याशिवाय ते कोणालाच कळत नाही." वहिनीने फाटक्या चादरीची लांब पट्टी काढून पावलापासून वर बांधली, पण या घरातल्या हातांना सगळे कडक करायची सवय. बोटे पांढरी पडली, मुंग्या आल्या. पट्टी सोडून पुन्हा सैल बांधावी लागली. वीसेक मिनिटांनी मला काढले, पायाला जरा उसंत दिली, नव्या बर्फाने पुन्हा भरले.

टेम्पो आला. टेम्पोवाला मालाची चौकशी करू लागला तर दादा म्हणाला, "माल उद्या. आधी हिला दवाखान्यात सोड."

टेम्पोच्या मागच्या भागात, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर पाय ठेवून धाकटी बसली. मी तिच्या घोट्यावर होते. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावत होती. दादा आणि वहिनी समोर बसले होते, दादाची मान खाली.

"हाड मोडलं असेल तर?" शेवटी त्याने विचारले.

"तर तू प्रेसवर उभा राहा, मी काउंटरवर बसते," ती म्हणाली. "लोकांच्या कॉलरला सुरकुत्या पडतील. होईल सवय."

दादा हसायचा प्रयत्न करत होता. तेवढ्यात तिनेच तोंड फिरवले. "दादा, मला पुन्हा चालता येईल ना रे?"

त्याने तिच्या पायावर मला नीट धरून ठेवले, बस्स. त्याचा हात गारठून लाल झाला तरी काढला नाही.

दवाखान्यात फोटो काढला गेला. मग बाकावर वाट पाहणे आले. माझ्यातला बर्फ वितळत होता, मी लुळी पडत होते आणि दार काही उघडत नव्हते. उघडले तेव्हा दादा उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"हाड शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडं बांधून ठेवणारा दोर असतो, तो अर्धा फाटलाय. वेळ लागेल, पण भरून येईल. शेक दिला होता का?"

"थोडा वेळ," वहिनी म्हणाली.

"बरं झालं थांबलात. ओढला-बिढला नाही ना?"

दादा फरशीकडे बघत होता. "ओढणार होतो," तो म्हणाला.

"उरलेला अर्धाही गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि क्रेप बँडेज बांधू लागल्या. दादा वळून खिडकीशी गेला. त्याची पाठ हलत होती.

पुढचे दिवस कठीण गेले. पहिले दोन-तीन दिवस मावशीकडून बर्फ येत होता, मागच्या दाराने. सूज पुरती उतरल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून माझ्यात कोमट पाणी भरले गेले, आखडलेला पाय मोकळा व्हावा म्हणून. तेव्हा मला कळले की मी वाईट नव्हते, माझी वेळ चुकली होती. हॉटेलने मेजवानीचा माल वासाबद्दल परत केलाच. दादाने चकार शब्द न काढता तो पुन्हा धुतला. प्रेसवर तो स्वतः उभा राहिला आणि गल्लीतल्या लोकांनी खरोखरच सुरकुतलेल्या कॉलर घातल्या. धाकटी बाकावर पाय लांब करून अंगठ्याने हवेत अक्षरे काढायची. डॉक्टरीणबाईंनी तसा व्यायाम सांगितला होता. कोणती अक्षरे काढतेस, असे दादाने विचारले तर म्हणायची, "तुझ्या इस्त्रीला शिव्या लिहितेय."

आणि एक दिवस ती काठी भिंतीला लावून प्रेससमोर उभी राहिली. कट्ट्याच्या कडेला दादाने लाकडी पट्टी ठोकली होती. वहिनी मोजलेले टॉवेल पुन्हा मोजू लागली. दादा बंद यंत्राच्या झाकणाकडे टक लावून उभा होता. मागच्या दारात मावशी हात पुसत थांबली होती. धाकटीने पायडलवर पाय ठेवला. दाबला नाही. परत उचलला. खिळ्यावर मी बूच घट्ट आवळून धरले. मग तिने पुन्हा पाय ठेवला, ओठ मिटले आणि दाबला. झाकण खाली आले. वाफ सुटली आणि उघड्या दारातून सरळ बोळात गेली.

"जरा ओढतंय," ती म्हणाली. "पण चालतंय."

"आता पुन्हा माझ्या बर्फाचं पाणी करा!" मावशी ओरडली आणि डोळे पुसत निघून गेली.

मांडणी पुन्हा दारासमोर आली नाही. तिचे चाकच मोडले आहे, असे दादा सांगतो. चाक बसवायला कितीसा वेळ लागतो, हे त्याला कोणी विचारत नाही. वहिनीने मला साबणात उकळून पाहिले, पण मासळीचा वास गेला नाही. माझ्या गळ्याशी त्या दिवशीची बारीक चीर आहे. माझा खिळा आता बॉयलरशेजारी नाही, मागच्या दाराच्या चौकटीला आहे. दोन्हीकडून हात पोचतो.

मित्रांनो, पाय मुरगळला तर बसा. त्याच्यावर चालू नका, तो चोळू नका, ओढू तर मुळीच नका. पहिले काही दिवस मला गरम पाण्याने भरू नका. कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा, थोडा वेळ ठेवा, थोडा वेळ काढा. पट्टी बांधा, पण बोटांचा रंग बघत राहा. पाय उंच ठेवा. भार टाकता येत नसेल तर दवाखाना गाठा. आणि घरातल्या घरात उपाय पुरत नसेल, तर जे दार कडी घालून बंद केले आहे, ते उघडा.

परवाच बोळापलीकडे धप्प असा आवाज झाला आणि मावशीची किंकाळी आली. दादाने धावत येऊन मला खिळ्यावरून ओढले. सवयीने तो बॉयलरच्या नळाकडे वळला. नळापाशी थांबला. मग मला रिकामीच हातात धरून, चपलाही न घालता, तो बोळात पळाला. आम्ही पोचलो तेव्हा मावशी ओल्या फरशीवर बसली होती आणि तिच्या पायाशी बर्फाची बादली आधीच आलेली होती. बादली धरून धाकटी बसली होती. ती आमच्या आधी पोचली होती.